मेयोनीजची गरीब चुलतबहीण

"एगलेस मेयो म्हणजे मेयोच नव्हे, मावशी," असं परवा भाच्याने जाहीर केलं. हातात सँडविच, त्याच एगलेसचं, अर्धं संपलेलं.

व्याख्येने त्याचं बरोबर आहे. मेयोनीज म्हणजे अंड्याचा बलक, तेल आणि व्हिनेगर किंवा लिंबू. बलकातलं लेसिथिन तेलाचे बारीक थेंब धरून ठेवतं. मी एकदा घरी करायला गेले. तेल थेंबथेंब सोडायचं असतं; मी कंटाळून धार धरली. वाटीत वर तेल, खाली पिवळं पाणी!

पण मला मिरॅकल व्हिप या मेयोच्या अमेरिकन स्वस्त भावंडाचं कौतुक जास्त. १९३३ साल, अमेरिकेत महामंदी, मेयोनीज परवडेना. क्राफ्ट कंपनीने शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हा स्वस्तातला पर्याय आणला. त्यात नवं फार काही नव्हतं. तिकडच्या बायका आधीपासून तेल वाचवायला सॅलडवर घालायचं शिजवलेलं ड्रेसिंग करायच्या: पीठ, व्हिनेगर, मोहरी, अंडं. क्राफ्टने ते आणि मेयोनीज एकत्र घुसळलं, वर थोडी साखर. थोडक्यात, तेल कमी करून पिठाची खळ घातली. हसू नका, कढी फुटू नये म्हणून आपण बेसन लावतो ते काय वेगळं असतं?

गंमत नावाची. अमेरिकेच्या नियमात मेयोनीजमध्ये किमान ६५ टक्के वनस्पती तेल लागतं. याच्यात तेवढं नाही, म्हणून बरणीवर मुकाट्याने ‘ड्रेसिंग’ लिहिलं. तरी तिकडे घराघरांत दोन तट पडले, आपल्याकडे आमटीत गूळ घालावा की नाही यावर पडतात तसे. मेयोवाले म्हणतात हे गोडमिट्ट, व्हिपवाले म्हणतात तुमचं नुसतं तेलकट.

मग आपल्या एगलेसलाच नावं का ठेवायची? उपासतापास, सोवळंओवळं सांभाळणाऱ्या घरांतही ते फ्रिजमध्ये शिरलं. शिवाय कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जंतूची भीती असते. केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली ती उगीच नाही. भाच्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "बरं, अजून एक सँडविच दे."

वडापावात मात्र मेयो घालणाऱ्याला माफी नाही, अंड्याचं असो वा बिनअंड्याचं. लसणाची सुकी चटणी संपली होती का?