हैदराबाद रस्त्याने येणारे कुत्र्याचे जेवण

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा वादाला तोंड फुटले ते सिद्धारामच्या दुकानातील एका पोत्यावरून. तो पेंडीबरोबर कुत्र्यामांजरांचे तयार खाद्यही विकतो. माल आपल्याच महामार्गाने हैदराबादकडून येत असताना भाव मात्र परदेशी कसा, अशी त्याची तक्रार होती. पोते होते पेडिग्री या कुत्र्यांच्या खाद्याचे. ते बनवणाऱ्या मार्स कंपनीची मालकी अमेरिकेतील एका कुटुंबाकडे असली, तरी तिचा कारखाना तेलंगणात आहे.

वाणिज्य शिकवणाऱ्या श्रीकांतच्या मते अशा कंपनीचे नशीब बाहेरच ठरते. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्सने रशियातील नवी गुंतवणूक थांबवली. माणसांचे आणि प्राण्यांचे आवश्यक अन्न तेवढे चालू ठेवले. प्राण्यांपासून बनलेले खाद्य भारतात आणायचे, तर 1898 च्या पशुधन आयात कायद्याखाली परवाना लागतो, शिवाय डॉलरचा भाव आहेच. "येथे कारखाना काढणे हेच मुळी बाहेरच्या परिस्थितीला दिलेले उत्तर आहे," असे तो म्हणाला.

सिद्धारामला हे पटले नाही. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा गुरांच्या खाद्यावर शून्य आणि कुत्र्यामांजरांच्या पाकीटबंद खाद्यावर 18 टक्के कर लागला, तो दिल्लीने लावला की अमेरिकेने, असे त्याने विचारले. मका इंधनाच्या इथेनॉलकडे वळून महागल्यापासून कोंबडीवाले रडतात. कोरड्या खाद्यातही धान्य असतेच. पण त्याचा खरा मुद्दा वेगळाच होता. "माझी स्पर्धा नेस्लेच्या प्युरिना खाद्याशी नाही रे, रात्री उरलेल्या भाकरीशी आहे," तो म्हणाला. कडक भाकरी दुधात कुस्करून घालणाऱ्या घराला पोते विकणे सोपे नाही, आणि मांस उंबऱ्याच्या आत न येणाऱ्या घरांसाठी मार्सला येथे शाकाहारी पेडिग्री काढावे लागले. (मांजराच्या बाबतीत ही तडजोड चालत नाही, त्याला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य निसर्गतः मांसातूनच मिळते.)

देशी आणि परदेशी ही वाटणी तरी कितपत खरी, असा प्रश्न मी मध्येच टाकला, कारण छत्तीसगडमधील राजनांदगावच्या कोंबडी व्यवसायातून उभ्या राहिलेल्या ड्रूल्स या कुत्र्यामांजरांच्या खाद्याच्या कंपनीत 2025 मध्ये नेस्लेनेच हिस्सा घेतला आहे.

जनावरांची औषधे विकणारा इरफान तोवर गप्प होता. त्याने 2007 ची गोष्ट काढली. उत्तर अमेरिकेत कुत्री-मांजरे मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली, तेव्हा कॅनडाच्या मेनू फूड्सने सहा कोटींहून अधिक डबे व पाकिटे परत मागवली. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातील प्रथिनात, मेलामाइन हे कारखान्यातील रसायन मिसळलेले निघाले. प्रथिने मोजणारी नेहमीची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते, आणि मेलामाइनमध्ये तो भरपूर असल्याने निकृष्ट माल कागदावर कसदार दिसतो. "डेअरीत दुधाची डिग्री वाढवायला युरिया घालतात ना, तीच युक्ती," असे इरफान म्हणाला, तेव्हा कोणालाच पुढे समजावून सांगावे लागले नाही. मेनू फूड्स अनेक नामांकित छापांसाठी माल बनवत असल्याने एका पुरवठादाराचे पाप कितीतरी नावांना लागले.

मला इरफानचे म्हणणे सर्वांत वजनदार वाटले. कर, मका, भाकरी यांनी भाव आणि खप ठरतो, तो बहुतांशी घरचा मामला. त्यात कंपनी थोडे मागे-पुढे सरकून तग धरते. विश्वास मात्र जिथून कच्चा माल येतो तिथे, कंपनीच्या नजरेआड, तुटू शकतो.

सिद्धारामने यावर मान डोलावली आणि आपल्याकडे असे होणार नाही, पोत्यावर बॅच नंबर असतो, असे सांगितले. इरफानने त्याला विचारले, "तू वीस किलोचे पोते फोडून किलो-किलोने सुटे विकतोस, त्या पिशवीवर कोणता नंबर असतो?" सिद्धारामने चहाचे पैसे दिले आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून तो उठला.