तीन नियमांनी थव्याचे कोडे सुटलेले नाही

स्टारलिंग पक्ष्यांच्या प्रचंड थव्याच्या व्हिडिओखाली वर्षानुवर्षे एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: प्रत्येक पक्षी तीनच नियम पाळतो. शेजाऱ्याला धडकायचे नाही, आसपासच्यांची दिशा धरायची, घोळक्यापासून दुरावायचे नाही. थव्याला नेता नसतो. हे संगणकाने १९८७ मध्येच सिद्ध केले असून पन्नास ओळींच्या कोडमध्ये कोणालाही हुबेहूब थवा उडवता येतो. यात थोडे खरे आहे, म्हणूनच उरलेले खपून जाते.

आधी ‘सिद्ध केले’ हा दावा. हे तीन नियम संगणक-ग्राफिक्स तज्ज्ञ क्रेग रेनॉल्ड्स यांच्या १९८७ च्या ‘बॉइड्स’ मॉडेलमधले, आणि ते मॉडेल ॲनिमेशनसाठी होते. प्रत्येक पक्ष्याचा मार्ग हाताने आखावा लागू नये, ही त्यामागची गरज होती. ते नियम खऱ्या पक्ष्यांच्या मोजमापांतून काढलेले नव्हते. पडद्यावरचा थवा खरा वाटला, तर हे नियम तसे दृश्य उभे करायला पुरेसे आहेत एवढेच ठरते. पक्षी तेच नियम वापरतात हे त्यातून ठरत नाही, कारण वेगळे नियमही तसेच दृश्य देतात. भौतिकशास्त्रज्ञ तमाश विचेक आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या मॉडेलमध्ये जवळ येणे नाही, दूर सरणेही नाही. ठरावीक त्रिज्येतल्या सर्वांची सरासरी दिशा घ्यायची आणि तीत थोडी यादृच्छिक चूक मिसळायची, इतकेच. ३०० कण (म्हणजे पक्ष्यांच्या जागी ठिपके), ५ एकक बाजूचा चौरस (एका कडेने बाहेर पडलेला कण समोरच्या कडेने आत), १ एकक त्रिज्या, दर पावलाला ०.०३ एकक सरकणे आणि ०.१ रेडियन (सुमारे ६ अंश) रुंदीच्या पट्ट्यातली चूक, एवढे मांडले तरी काही वेळाने सगळे एका दिशेने निघतात. चूक वाढवत नेली की शिस्त मोडते.

दुसरीकडे, गोल्डन शायनर माशांच्या हालचाली मोजणाऱ्या २०११ च्या अभ्यासात दिशा जुळवण्याचा स्वतंत्र नियम सापडलाच नाही. पुढच्या-मागच्या शेजाऱ्याच्या जागेनुसार वेग कमी-जास्त करणे हाच तिथे मुख्य व्यवहार होता. म्हणजे ज्या नियमाशिवाय थवा होत नाही असे सांगितले जाते, त्याचा पुरावा त्या माशांत मिळाला नाही.

‘आसपासचे’ म्हणजे कोण, हेही मजकुरात मोघम आहे. बहुतेक प्रोग्राम एक त्रिज्या धरतात. रोममधल्या स्टारलिंगच्या थव्यांची त्रिमितीय मोजणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचा निष्कर्ष वेगळा होता: पक्षी अंतर कितीही असले तरी जवळच्या साधारण सहा-सात जणांशी जुळवून घेतो. फरक लहान वाटतो, पण परिणाम मोठा आहे. ससाणा आला आणि थवा ताणला गेला की त्रिज्येच्या नियमात कडेच्या पक्ष्यांचे शेजारी संपतात आणि ते तुटून जातात. सात शेजाऱ्यांच्या नियमात दुवा टिकतो. हे स्वतः पाहायचे असेल तर दोन्ही प्रकार लिहा, थव्यात एक शिकारी सोडा आणि किती तुकडे पडतात ते मोजा.

आता पन्नास ओळी. ओळी तेवढ्याच होतील, पण थवा तीन नियमांवर चालत नाही, न सांगितलेल्या डझनभर निर्णयांवर चालतो. कमाल वेग किती, एका पावलात किती वळता येते, मागचा किती कोन दिसत नाही, हे आकडे बदलले की तेच नियम ठेवूनही थवा गोल फिरतो, विखुरतो किंवा गोळा होऊन थरथरत राहतो. वेगवेगळ्या नियमांच्या सगळ्या ओढींना ठरावीक वजन देऊन त्यांची थेट बेरीज करणे ही नेहमीची चूक. भिंत टाळायची ओढ डावीकडे, थव्याची ओढ उजवीकडे. दोन्ही एकमेकींना रद्द करतात आणि पक्षी सरळ भिंतीत जातो. रेनॉल्ड्स यांनी यासाठी प्राधान्यक्रम वापरला होता: उपलब्ध त्वरण (वेग आणि दिशा बदलण्याची मर्यादित क्षमता) आधी टक्कर टाळण्याला, उरले तर पुढच्या नियमाला.

बाकीच्या चुका अशा. दिशांची सरासरी अंशांत काढली तर ३५० आणि १० यांची सरासरी १८० येते, म्हणजे बरोबर उलटी. एकक व्हेक्टरांची (प्रत्येक दिशेला सारख्याच लांबीचा बाण) बेरीज करून मग कोन काढा. दोन पक्षी एकाच बिंदूवर आले तर शून्याने भागाकार होतो आणि ते निरर्थक मूल्य शेजाऱ्यांच्या सरासरीतून पसरू शकते. यादीतल्या पहिल्या पक्ष्याला हलवून मग दुसऱ्याचा हिशेब केला तर यादीचा क्रमच वागणुकीत उतरतो. जुनी आणि नवी स्थिती वेगवेगळ्या ठेवा. पक्षी कडेवरून पलीकडे जात असेल तर अंतरही त्याच वळशाने मोजा, नाहीतर कडेजवळ थवा फाटतो. प्रत्येक पक्ष्याचे इतर प्रत्येकापासूनचे अंतर तपासले तर २,००० पक्ष्यांसाठी दर फ्रेमला जवळपास ४० लाख तपासण्या होतात. त्रिज्येएवढ्या चौकटींची जाळी केली की प्रत्येक पक्ष्यासाठी द्विमितीत फक्त ९ आणि त्रिमितीत २७ चौकटी पाहाव्या लागतात.

आणि ‘हुबेहूब’ हे डोळ्यांनी ठरवू नका. त्याच रोमच्या मोजणीत स्टारलिंगचा सर्वांत जवळचा शेजारी पुढे-मागे कमी आणि बाजूला जास्त आढळला. तुमच्या थव्यात तसे दिसते का, हा प्रश्न व्हिडिओ पाहून सुटत नाही, प्रत्येक पक्ष्याच्या जवळच्या शेजाऱ्याचा कोन नोंदवावा लागतो.

राहिला नेता. मॉडेलला नेत्याची गरज नाही, हे खरे. म्हणून खऱ्या थव्यात तो नसतोच, हा निष्कर्ष चुकीचा आहे. प्राण्यांच्या समूहवर्तनाचे अभ्यासक इयान कझिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सिम्युलेशनमधूनच दाखवले की वाट माहीत असलेले थोडे सदस्यही सगळा समूह नेऊ शकतात, ते कोण आहेत हे इतरांना कळण्याची गरज नसते, आणि समूह जितका मोठा तितके त्यांचे प्रमाण कमी पुरते. कबुतरांच्या लहान थव्यांवर जीपीएस बसवून केलेल्या २०१० च्या अभ्यासात तर कोण कोणामागे वळते याची उतरंडच मिळाली. ती नुसत्या नजरेला दिसत नाही. दोन पक्ष्यांच्या दिशांच्या नोंदी वेळेत मागेपुढे सरकवून पाहायच्या. ज्या विलंबाला त्या सर्वाधिक जुळतात, त्यावरून आधी कोण वळले ते कळते.