कारभाऱ्याचे ७० ग्रॅम

आमच्या घरात दोन पिढ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. तिसऱ्या पिढीचा नंबर माझा होता. पण माळ यायच्या आधी घरात कुत्रं आलं आणि सगळाच क्रम बिघडला.

कुत्र्याचं नाव कारभारी. नाव मायनं ठेवलं. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो उंबऱ्यात आडवा पडून कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय आहे, याची नोंद घेऊ लागला. तेव्हा ती म्हणाली, "काम न्हाई धंदा न्हाई, नुस्ता कारभार करायलाय." ज्या पाव्हण्यानं तो दिला त्याच्या सांगण्याप्रमाणे कारभाऱ्याची आई जानवळची. लातूर जिल्ह्यातलं हे गाव कारवानी आणि पश्मी या सडपातळ शिकारी जातींच्या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. त्यामुळे आमच्या भागात ज्या कुत्र्याच्या बरगड्या लांबून मोजता येतात, ते प्रत्येक कुत्रं जानवळचंच असतं. बापाबद्दल पाव्हणा काही बोलला नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही.

वर्षभर तो पिशवीतलं डॉग फूड, म्हणजे कोरडे दाणे, निमूट खात होता. मायला ते कधीच पटले नव्हते. पहिली पिशवी फोडली तेव्हा तिनं मूठभर दाणे घेऊन वास घेतला आणि "ही तर गोळीपेंड हाय," असा निकाल दिला. गावाकडं तिनं तीस वर्षं म्हशी सांभाळलेल्या, त्यामुळे या निकालावर अपील नव्हतं. किंमत ऐकल्यावर तिनं कारभाऱ्याकडं नीट वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "आन् दूध किती देतो ह्यो?"

एप्रिल लागला आणि कारभाऱ्यानं दाणे सोडले. परभणीच्या उन्हात माणसांचंच जेवण सुटतं, म्हणून मी दोन दिवस दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी त्यानं वाडग्याचा वास घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. पंगतीत मीठ-लिंबू वाढून वाढपी गायब झाला की पाव्हणा कसा बघतो, तसं.

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे जनावरांच्या डॉक्टरांना तोटा नाही. आमच्या डॉक्टरांनी दात पाहिले, पोट चाचपलं, ताप मोजला. वजनकाट्यावर कारभारी उभा राहीना, म्हणून त्याला उचलून मी उभा राहिलो आणि नंतर माझं वजन वजा केलं. त्याचं आलं २२ किलो. माझं किती आलं ते डॉक्टरांनी सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल असं दोनदा म्हटलं.

"काही झालेलं नाही, कंटाळलाय," डॉक्टर म्हणाले. "दाण्यांत थोडं ताजं चिकन उकडून मिसळत जा."

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, आम्ही माळकरी."

"तो आहे का?"

यावर शास्त्रात उत्तर नाही.

मग त्यांनी मला शिकवणी दिली. शाळेत मी गणित शिकवतो, त्यामुळे वही काढून उतरवून घेतलं. दाण्यांत पाणी जेमतेम १० टक्के, मांसात ७० टक्क्यांच्या वर. चांगल्या दाण्यांत कुत्र्याला लागणारं सगळं मापात घातलेलं असतं, नुसत्या मांसात नसतं. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. रोज नुसतं मांस घातलं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागतं. मी म्हटलं, मग वाघाचं कसं चालतं? तर म्हणाले, वाघ शिकारीची हाडं, काळीज, आतडी सगळं खातो, तुम्ही बोनलेस आणणार. म्हणून वरचं जे काही घालायचं ते दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांत बसवायचं. २२ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ११०० कॅलरी धरल्या तर वरच्या खाण्याच्या ११०. उकडलेल्या बिनहाडाच्या, बिनकातडीच्या चिकनमध्ये १०० ग्रॅमला सुमारे १६५. म्हणजे ७० ग्रॅमच्या आत. आणि तेवढ्या कॅलरीचे दाणे, म्हणजे मूठभर ३० ग्रॅम, वाडग्यातून कमी करायचे.

गणित सुटलं. आता ते चिकन कुणी आणायचं, हा भाग वहीत नव्हता.

आयुष्यात ज्या गल्लीतून जाताना नाकाला रुमाल लावला, त्या गल्लीत मी रविवारी सकाळी तोच रुमाल तोंडाला बांधून शिरलो. रुमाल बांधल्यानं माणूस ओळखू येत नाही ही समजूत ज्यानं पसरवली तो शिक्षक नसावा. दुकानापुढं वीसेक माणसं. मी सगळ्यात मागं, विजेच्या खांबाला खेटून, फोनवर बोलल्यासारखं करत उभा.

"क्या होना साब?" चाचांनी थेट मलाच विचारलं.

"चिकन. बोनलेस. बिनचमडी का."

"कित्ता?"

"सत्तर ग्राम."

ठोकणारा सुरा थांबला. वीस माणसं वळली. चाचांनी मला खालून वर पाहिलं. "सत्तर ग्राम? क्या साब, ताबीज में बांधना है क्या?"

मी खुलासा केला की कुत्र्याला पाहिजे. घरात कुणी खात नाही. कुत्र्यालाच. डॉक्टरांनी सांगितलंय. प्रत्येक वाक्यासरशी चाचांच्या चेहऱ्यावरची समजूत वाढत गेली. पाव किलोच्या खाली देत नाही म्हणून त्यांनी पाव किलो तोललं, काळ्या पिशवीत घातलं, त्यावर दुसरी काळी पिशवी चढवली, वर वर्तमानपत्र गुंडाळलं. मी न सांगता. मग हळू आवाजात म्हणाले, "टेन्शन नक्को साब. गले में माला वाले सब कुत्तेच के वास्ते ले जाते. इत्ते कुत्ते तो पूरे परभनी में नै."

माझ्या गळ्यात माळ नाही हे सांगायचं राहून गेलं. कारण तेवढ्यात शेजारून आवाज आला, "सर, तुमी बी?" नववी ब, तिसरा बाक. सोमवारी मी फळ्यावर शेकडेवारी लिहिली तेव्हा मागून कुणीतरी हळूच "सत्तर ग्राम" म्हणालं आणि अख्खा वर्ग पुस्तकात तोंड खुपसून बसला.

घरी खरी परीक्षा होती. स्वयंपाकघरात ते शिजणार नव्हतं, एवढं न सांगता ठरलेलं. मागच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीला तीन विटा मांडल्या, भंगारातून एक जर्मनचं पातेलं आणलं. बायकोनं त्याला तांबड्या रंगानं खूण केली आणि माझ्या हाताला करायची तेवढी ठेवली. फ्रिजमध्ये उरलेल्या चिकनचा प्रश्न होता. खालच्या कप्प्यात एकादशीचं दही, वर ते, हे शक्य नव्हतं. शेवटी बर्फाच्या खणात स्टीलचा डबा, डब्यात डबा, आणि त्यावर चिठ्ठी: "कारभारी". लाईट गेली की सगळ्यांना आधी त्या डब्याची काळजी. दुधाचं काय झालं, कुणी विचारत नाही.

माय पदर नाकाला लावून पायरीवर बसली होती. तिनं विचारलं, "मसाला कोन्ता घालायलास?"

"काहीच नाही. तेल नाही, तिखट नाही, मीठ नाही."

"कांदा?"

"कांदा-लसूण तर अजिबात नाही. त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. विषच ते."

तिचा पदर खाली आला. "कांदा-लसूण न्हाई?"

"नाही."

"आगं माय! मंग हे तर चातुर्मासातलं झालं की!"

त्या क्षणापासून तिचा विरोध मावळला. जे कांदा-लसणाशिवाय शिजतं ते फार वाईट असू शकत नाही, असं तिच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी चुलीतला जाळ ती लांबूनच काठीनं सारखा करत होती.

आता पुढची चूक माझी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा, आधी एखादाच चमचा. मी पहिल्याच दिवशी पूर्ण ७० ग्रॅम घातले, वर मायेपोटी दहा. रात्री दीड, अडीच आणि पावणेचार वाजता मी कारभाऱ्याला घेऊन कॉलनीच्या मैदानात होतो. तिसऱ्या फेरीला गुरखा म्हणाला, "साहब, आप भी कुछ खा लिए क्या?"

पोट जाग्यावर आल्यावर नवा खेळ सुरू झाला. कारभारी चिकनचा कण न् कण टिपायचा आणि दाणे एकेक करून फरशीवर ओळीनं ठेवायचा. सुपातल्या ज्वारीतले खडे आमच्या आजीनंही इतके नीट वेचले नसते. मी मोजले, एका वेळी ४३. उपाय डॉक्टरांनीच सांगितला: चिकन बारीक कुस्करा, ज्यात ते उकडलं ते पाणी कोमट असताना दाण्यांवर ओता, वास सगळ्याला लागू द्या. वास लागला. दाणे संपले. पाणीही पोटात गेलं, जे त्या उन्हात हवंच होतं. फक्त आता ते पाणी नसलं की साहेब वाडग्याकडं पाठ करून बसतात, आणि मी वाटी घेऊन अंगणभर त्यांच्या मागं.

मायला यात काही वावगं दिसत नाही. "नर्सीचे नामदेव महाराज कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन पळाले व्हते. तू कामून लाजायलास?" मी म्हटलं, ते तूप होतं. ती म्हणाली, "तवा कुत्र्यानं कोरडी भाकर नेली व्हती. ह्याची गोळीपेंड हाय. कोरडं ते कोरडंच."

एकादशीचा तोडगाही तिनंच काढला. त्या दिवशी चूल नाही, नुसते दाणे. पहिल्या एकादशीला कारभाऱ्यानं निषेध म्हणून सकाळचा वाडगा सोडला. संध्याकाळी माय सगळ्या गल्लीला सांगत होती, "निरंकार धरलाय लेकरानं."

गल्लीचा मात्र यातल्या कशावर विश्वास नाही. मागच्या अंगणातून दर दोन दिवसांनी वास येतो, मी काळी पिशवी घेऊन येतो, आणि वर माझं वजनही डॉक्टरांनी जाहीर केलेलं. हरिपाठाला गेलो की माझ्या शेजारची जागा थोडी रुंद राहते.

परवा संध्याकाळी शेजारचे काका आले. माळ, बुक्का, चाळीस वर्षं वारी. बराच वेळ कारभाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मग आत कुणी ऐकत नाही ना ते बघून म्हणाले, "सर, ह्याला रोज किती लागतं म्हणलाव?"

"७० ग्रॅम."

"ते वजनावर असतं का?"

"हो. कुत्रं जेवढं मोठं, तेवढं जास्त."

काकांनी थोडा वेळ मनात हिशोब केला.

"मंग अर्धा किलो लागंल," ते म्हणाले, "असं एखादं कुत्रं बघा की आमच्यासाठी."