श्वास घ्या, सोडा, पुढचा!

नवं डिजिटल एक्स-रे सेंटर टाकताय? अभिनंदन. बोर्डावर 'डिजिटल' हा शब्द 'एक्स-रे'पेक्षा मोठा रंगवून घ्या, निम्मं काम तिथेच झालं. उरलेलं निम्मं म्हणजे फोटो. ते फार मनावर घेऊ नका.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी नुसतं 'चेस्ट पीए' (म्हणजे किरण पाठीकडून सोडून काढलेला छातीचा फोटो) खरडलं असेल, तर पेशंटला काही विचारत बसू नका. तीन आठवडे खोकला आहे, व्हिसाची मेडिकल आहे की जिन्यावरून पडलाय, हे आधीच सांगून टाकलं तर रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या विद्वत्तेला काय वाव राहिला?

बाई पेशंट असेल तर आहे तशी उभी करा. मंगळसूत्र काढायला सांगायचं तर सोबत सासू असते, कशाला वाद? सेफ्टी पिनाही राहू द्या. आणि वेणीला तर हातच लावू नका. खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी फुप्फुसाच्या वरच्या टोकावर अशी झकास सावली पाडते, की बघणाऱ्याला क्षयाची शंका यावी. केस वर बांधायला अर्धा मिनिट लागतो म्हणे. तेवढा वेळ कुणाला आहे? पुढे थुंकी तपासून 'क्षय नाही' असं कळेपर्यंत घरात तिचं ताट-वाटी वेगळं निघालेलं असतं, पण तो काही आपला विभाग नाही.

छाती पूर्ण भरून श्वास रोखला की श्वासपटलाच्या वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात, असं पुस्तकात असतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या दारात रांग नसावी. तुम्ही 'श्वास घ्या' आणि 'सोडा' एका दमात म्हणा आणि मधेच कुठेतरी बटण दाबा. अर्ध्या श्वासात फुप्फुसांचा तळ गढूळ दिसतो, हृदय आडवं पसरतं. त्यातून पेशंटला उभं करायचाही कंटाळा आला, तर स्ट्रेचरवरच पाठीखाली प्लेट सरकवा. हृदय प्लेटपासून लांब पडतं आणि फोटोत आणखी फुगतं. वरच्या मजल्यावरचे टू-डी इकोवाले, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणारे, तुमचे मेहुणे असतील, तर ही पद्धत अधिकच उत्तम.

डिजिटलचं खरं सुख मात्र डोसमध्ये. फिल्मच्या जमान्यात किरण जास्त झाले की फोटो काळा यायचा आणि चूक चारचौघांत दिसायची. आता कितीही मारा, सॉफ्टवेअर सगळं सावरून घेतं. कमी मारलेत तर मात्र फोटो दाणेदार येतो आणि रेडिओलॉजिस्ट फोन करतो. जास्त मारल्याबद्दल आजवर कुणाचा फोन आलाय? तेव्हा नव्वद किलोच्या पैलवानाचं सेटिंग आठ वर्षांच्या पोरालाही ठेवा. फोटो अगदी गुळगुळीत येतो.

डाव्या-उजव्याची शिशाची अक्षरं हरवली असतील तर शोधू नका. नंतर कॉम्प्युटरवर अंदाजाने टाकता येतात.

शेवटी फोटो डॉक्टरांकडे पोचवायचा. मूळ फाइलमध्ये करड्या रंगाच्या हजारो छटा असतात, एवढ्या कशाला हव्यात? फिल्म ट्यूबलाइटसमोर धरा, मोबाइलने टिपा, व्हॉट्सॲपवर ढकला. फुप्फुसाबाहेर साठलेल्या हवेची बारीक रेघ किंवा केसाएवढं फ्रॅक्चर वाटेतच गळून जातं. बदल्यात छतावरचा पंखा छान उमटतो. पलीकडून अंगठा आला की निदान झालं. मग रिपोर्टात 'क्लिनिकल कोरिलेशन', म्हणजे 'पेशंटच्या लक्षणांशी ताडून पाहा', असं सुचवून मोकळं व्हायचं. याचा अर्थ पेशंट विचारत नाही आणि डॉक्टर वाचत नाहीत.

राहता राहिलं एक्स-रे मशीनवर नजर ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ. दोन वर्षांतून एकदा मशीनची तपासणी करून घ्यावी लागते. तो कागद लॅमिनेट करून काउंटरवर लावा. टेक्निशियनचा किरणं मोजणारा बॅज मात्र ड्रॉवरमध्येच ठेवा. तिथे त्याला किरणं लागत नाहीत आणि दर तिमाहीचा अहवाल कसा निर्मळ येतो. टेक्निशियन तेवढा दार अर्धवट उघडून आत डोकावत असतो, पेशंट हलतोय का ते बघायला.