शंभराचं तिकीट आणि साडेनऊचा खेळ

मालवणच्या जेटीजवळच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो सिनेमांच्या कोटींच्या गल्ल्यावरून. "आता भुताखेतांचे सिनेमेच चालतले," एकाचं ठाम म्हणणं. पुरावा 'मुंज्या'चा: २०२४ मध्ये शंभर कोटींच्या पुढे.

थिएटरचं बुकिंग बघणारा लगेच म्हणाला, "कोटी कित्याक मोजतंस? तिकिटां मोज!" मला त्याचंच पटलं. २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हाचा दर वेगळा, आजचा वेगळा. गल्ला वाढला म्हणून माणसं वाढली असं होत नाही.

"मग दर शंभराचो एकशेदहा करा. दहा रुपये कोणाक जड?" मास्तर म्हणाले. त्यावर शेंगदाण्याच्या पुडीवर हिशेब झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरापर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी, त्यावर एक रुपया गेला तरी १८ टक्के. शंभरातून कर गेल्यावर उरतात ९५ रुपये २४ पैसे, एकशेदहातून ९३ रुपये २२ पैसे. प्रेक्षकाने दहा जास्त मोजायचे आणि निर्माता-थिएटरने वाटून घ्यायची रक्कम दोन रुपयांनी कमी! दर वाढवायचाच तर ११३ च्या खाली थांबून उपयोग नाही. मास्तरांनी पुडी दोनदा तपासली.

खरी चुरस पुढे झाली. भयपट म्हटला की साडेनऊचा खेळ, हे शहरात ठीक. पण आचरा, मसुऱ्याकडून एसटीने येणारा माणूस बारा वाजता सुटून घरी जाणार कसा? तीनचा खेळ पावणेसहाला सुटतो, गाडी मिळते. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'ला बायका दहा-पंधराच्या गटाने आल्या. असा गट दिवसाउजेडीच निघतो. भुताचा सिनेमा इथे पडला तर भुताला दोष देण्याआधी वेळापत्रक बघावं.

'दशावतार' या सिनेमाचीही वेळ अशीच अडचणीची. १२ सप्टेंबर २०२५ ला लागला तेव्हा पितृपक्ष चालू, चाकरमानी मुंबईला परतलेले आणि त्याच शुक्रवारी 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' शेजारी उभे. तरी चालला, कारण बघून आलेल्याने दुसऱ्याला धाडलं. अशा सिनेमाला पहिल्या आठवड्यात दुपारचा खेळ टिकवून द्यायलाच हवा. तोच काढून घेतला तर असा धाडलेला माणूस दारातून परत जातो.

"शुक्रवारची तीनची तिकिटां लिहून ठेव," बुकिंगवाला उठताना म्हणाला, "आणि सोमवारची. सोमवारी शुक्रवारच्या निम्म्यापेक्षा जास्त खपली तर खेळ हलवू नको."