जखम कोणाची मोठी, एवढ्यावरून आरोपी ठरवू नका

घरातल्या मारहाणीच्या केसमध्ये "मी फक्त स्वतःला वाचवत होते" असं कोणी म्हटलं की लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो हे वकिलाने पढवलंय, दुसरा म्हणतो बरं केलं, अजून दोन द्यायला पाहिजे होत्या. मला दोन्ही पटत नाही. स्वसंरक्षण खरं होतं की नाही हे तपासता येतं, पण त्यासाठी बघायचं काय हे आधी माहीत पाहिजे.

मागून कोणी हाताचा विळखा घालून गळा आवळला की त्याचा हात बरोबर तोंडापाशी येतो आणि श्वास कोंडला की माणूस तिथेच चावतो. पोलीस येतात तेव्हा नवऱ्याच्या हातावर दातांचे व्रण आणि रक्त, बायकोच्या गळ्यावर काहीच नाही, कारण गळा दाबल्याच्या खुणा बऱ्याचदा लगेच दिसत नाहीत, कधी उमटतच नाहीत. आवाज बसलेला असतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत बारीक लाल ठिपके असू शकतात, पण ते मुद्दाम बघितलं तर कळणार ना! मग कागदावर जखमी तो आणि आरोपी ती. त्यात तो आधी जाऊन तक्रार देऊन आला असेल तर तिचं म्हणणं "क्रॉस केस", म्हणजे नुसती उलट तक्रार, म्हणून बाजूला पडतं.

कायदा खरं तर इतका कोरडा नाहीये. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ (जुनी आयपीसी ९६ ते १०६) स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दलच आहेत. पहिला फटका बसेपर्यंत थांबायची गरज नाही, धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंत टिकतो. दुसऱ्याला वाचवण्यासाठीही तो आहे, म्हणजे आईला मारणाऱ्या बापाला मुलाने ढकललं तर तोही या हक्कात बसू शकतो, आणि दारूच्या नशेत अंगावर आलेल्या मुलाला म्हाताऱ्या वडिलांनी काठी मारली तर तेही. बचाव सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असली तरी संशयातीत सिद्ध करावा लागत नाही, तो जास्त शक्य वाटला तरी पुरतो. आणि जीव वाचवणारा माणूस किती जोर लावला ते सोन्याच्या तराजूत तोलत बसू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने किती वेळा सांगितलंय.

पण मर्यादा आहे आणि ती असलीच पाहिजे. गरजेपेक्षा जास्त इजा नाही, पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्क नाही. समोरचा खाली पडला, हातातलं सुटलं, तो दाराबाहेर गेला, त्यानंतरचे फटके म्हणजे सूड. वर्षानुवर्षं मारणारेच "तिने आधी नखं मारली" म्हणून हाच बचाव घेतात, त्यामुळे तर नुसत्या त्या पाच मिनिटांकडे बघून चालत नाही, मागचा सगळा इतिहास बघावा लागतो. ज्याने आधी मार खाल्लाय त्याला समोरच्याचा चढलेला आवाज आणि बंद केलेलं दार याचा अर्थ आपल्यापेक्षा लवकर कळतो, त्याची भीती वाजवी होती का हे त्याच्या जागेवरूनच ठरवायला हवं. २०१३ मध्ये गुवाहाटी हायकोर्टाने नवऱ्याकडून सतत मार खाणाऱ्या बाईच्या केसमध्ये हा इतिहास धरला आणि खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर, म्हणजे खुनापेक्षा कमी गंभीर गुन्ह्यावर, आणला. निर्दोष नाही सोडलं, पण तिने सोसलेलं मोजलं गेलं. हे खालच्या पातळीवर, पहिल्या जबाबातच का होत नाही याचा मला खरंच राग येतो.

म्हणून कोणाच्या घरात असं घडलं तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात मेडिकल करून घ्या, गळा दाबला असेल तर बाहेर खूण नसली तरी डॉक्टरांना ते शब्दांत सांगा आणि लिहायला लावा. अटक झाली तरी तपासणी होतेच, तेव्हा आपल्या अंगावरचं प्रत्येक वळ दाखवा. कोणाचा हात कुठे होता, आधी काय झालं, मग काय, हे क्रमाने सांगा. आणि जबाब वाचल्याशिवाय सही करू नका, त्यात "किरकोळ कौटुंबिक वाद" एवढंच लिहिलं असेल तर तिथेच बदलायला सांगा.