डोकं न वापरता तीन हजार पीपीटी 'खुल्या' करण्याचा राजमार्ग

अभिनंदन! हे काम तुमच्या गळ्यात पडलं, म्हणजे ज्या मीटिंगमध्ये ते वाटलं गेलं तिथे तुम्ही हजर नव्हता. वीस वर्षांत ज्याने त्याने जमेल तिथे टाकलेल्या पीपीटी, एक सामायिक फोल्डर, त्याच्या पोटात 'नवीन फोल्डर', त्याच्या पोटात 'नवीन फोल्डर दोन', आणि वरून आलेला आदेश: शुक्रवारपर्यंत सगळं ओपन फॉरमॅटमध्ये, म्हणजे ओडीपीत, हवं.

घाबरू नका. हे काम अवघड आहे असं सांगणारे लोक फाइली उघडून बघतात. तुम्हाला तसलं काही करायचं नाही.

ओडीपी म्हणजे काय, असं विचारणारा एखादा निघतोच. त्याला सनावळीने गारद करा. ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे ओडीएफ, ओएसिस या संस्थेने २००५ मध्ये मान्य केला, २००६ मध्ये तो आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा २६३०० क्रमांकाचा मानक झाला, त्यातला सादरीकरणाचा प्रकार म्हणजे ओडीपी. इथे थांबा. ओडीपी ही मुळात एक झिप फाइल असते, ती सोडवली की आत 'कंटेंट डॉट एक्सएमएल' नावाच्या फाइलमध्ये सगळा मजकूर आणि 'पिक्चर्स' फोल्डरमध्ये सगळी चित्रं मिळतात, बनवणारा प्रोग्रॅम उद्या जगातून नाहीसा झाला तरी हे वाचता येतं, असलं काही बोलून बसू नका. लोकांना काम महत्त्वाचं वाटायला लागेल, आणि मग ते तपासायला येतील.

जुन्या पीपीटीबद्दल मात्र खुशाल बोला. ती बायनरी, म्हणजे उघडून बघितली तर माणसाला वाचता न येणारी. तिची पहिली चार बाइट्स सोळाच्या पायावर लिहिली तर डी-०-सी-एफ-१-१-ई-० अशी दिसतात. शून्याला ओ समजा, पहिल्या एकाला आय, दुसऱ्याला एल, की 'डॉकफाइल' असा शब्द जुळतो. जुन्या वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींचंही तोंड असंच. पॉवरपॉइंट बाजारात आलं १९८७ मध्ये, आणि या बायनरी प्रकाराचं वर्णन मायक्रोसॉफ्टने सगळ्यांसाठी खुलं केलं ते २००८ मध्ये. मधल्या काळात बाकीच्या जगाने चाचपडत काम चालवलं. तुम्हीही चाचपडणारच आहात, तेव्हा परंपरा मोठी आहे एवढं लक्षात असू द्या.

आता मुख्य मंत्र. लिबरऑफिस या फुकट ऑफिस-प्रोग्रॅममध्ये खिडकी न उघडता काम करण्याची सोय आहे, तिला 'हेडलेस' म्हणतात. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, उघडायचं, सॉफिस (लिबरऑफिसला हाक मारायचं नाव), हेडलेस, कन्व्हर्ट-टू ओडीपी, आणि शेवटी तारा-टिंब-पीपीटी. एंटर. हेडलेस म्हणजे बिनडोक. हा पर्याय खरं तर प्रोग्रॅमसाठी ठेवलेला आहे, पण माझा अनुभव असा की चालवणाऱ्यानेही तो स्वतःला लावून घेतला तर काम फार सुरळीत होतं.

पहिल्यांदा चालवाल तेव्हा काहीच होणार नाही. चूक नाही, संदेश नाही, फाइलही नाही. कारण बाजूच्या खिडकीत लिबरऑफिस आधीच उघडं असतं, आणि बऱ्याच आवृत्त्यांत दुसरी हाक आली की प्रोग्रॅम गुपचूप उंबऱ्यावरूनच परत जातो. यावर उपाय म्हणजे हेडलेससाठी वेगळं यूजर प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्जचं स्वतंत्र फोल्डर, द्यायचं. पण तो शोधण्यापेक्षा मशीन रीस्टार्ट करणं सोपं, आणि त्यात चहाही होतो.

'तारा-टिंब-पीपीटी' याचा अर्थ सगळ्या पीपीटी, असं समजा. लिनक्सला तसं वाटत नाही. तिथे छोट्या लिपीतलं पीपीटी वेगळं आणि मोठ्या लिपीतलं वेगळं, त्यामुळे कुणी कॅप्स लॉक चालू ठेवून नाव दिलेल्या फाइली त्या ताऱ्याला दिसतच नाहीत. पीपीएस, म्हणजे उघडताक्षणी शो सुरू करणाऱ्या फाइली, त्याही नाहीत. पोटातल्या फोल्डरांमधल्या तर नाहीतच. हे उत्तमच आहे. जितक्या कमी सापडतील तितक्या कमी बिघडतील.

इथे जरा रेंगाळू, कारण नावांच्या प्रकरणात कला आहे. कोणत्याही फोल्डरमध्ये 'अहवाल डॉट पीपीटी' असते, आणि तिच्या शेजारी 'अहवाल डॉट पीपीटीएक्स' असते. पहिली २००६ ची, दुसरी कुणीतरी नव्या ऑफिसात उघडून, दुरुस्त करून, आकडे बदलून ठेवलेली. दोन्ही ओडीपी झाल्या की दोघींचं नाव एकच: 'अहवाल डॉट ओडीपी'. जी नंतर येईल ती आधीच्या डोक्यावर बसते. प्रोग्रॅम टर्मिनलवर 'ओव्हररायटिंग' असं पुटपुटतो म्हणा, पण तीन हजार ओळी भराभर वर सरकत असताना ते ऐकणार कोण? आणि तुम्ही हौसेने सगळ्या फोल्डरांमधल्या फाइली एकाच ठिकाणी ओतायला सांगितल्या असतील, तर प्रत्येक विभागाचं 'प्रेझेंटेशन१' एकमेकांच्या छाताडावर नाचेल आणि शेवटी एकच उरेल. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, पण जात्याचा आवाज इतका छान येत असतो की दळण चाललंय यावर कुणाला शंका येत नाही.

काही भित्री माणसं नवीन नावात जुनं शेपूटही ठेवतात, 'अहवाल डॉट पीपीटी डॉट ओडीपी' असं, आणि फोल्डरांची रचना जशीच्या तशी राखतात. दिसायला अगदीच गबाळं. तुमच्या फाइली सुटसुटीत असू द्या.

'अंतिम', 'अंतिम सुधारित', 'अंतिम सुधारित साहेबांनी पाहिलेले' या तीन फाइलींबद्दल वेगळं सांगत नाही. त्यांच्या नावांत रिकाम्या जागा आहेत, आणि घाईत लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये (कमांडांच्या यादीत) अवतरणचिन्हं राहून गेली की रिकामी जागा आली तिथे नाव तुटतं. मग स्क्रिप्ट 'अंतिम' नावाची फाइल शोधते, 'सुधारित' नावाची वेगळी शोधते, आणि 'साहेबांनी' नावाची फाइल सापडत नाही अशी तक्रार करते.

पासवर्ड लावलेल्या फाइली असतीलच. पासवर्ड लावणारे निवृत्त झालेले असतील. सोडून द्या.

फॉन्टचा विषय नाजूक आहे. २००७ पासून बरीच वर्षं मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा नेहमीचा फॉन्ट होता कॅलिब्री. तो लिनक्सच्या सर्व्हरवर नसतो. सरळ माणूस कार्लितो नावाचा फॉन्ट बसवतो, कारण त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीएवढीच राखलेली आहे, ओळी जिथल्या तिथे तुटतात. कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया, एरियलसाठी लिबरेशन सॅन्स, असे जुळे भाऊ आयते मिळतात, फुकट मिळतात, बसवायला पाच मिनिटं लागतात. तुम्ही बसवू नका. मग प्रोग्रॅम हाताला लागेल तो फॉन्ट घेईल, मजकूर चौकटीबाहेर उतू जाईल, शीर्षकाची दुसरी ओळ पहिल्या मुद्द्यावर जाऊन बसेल, आणि आलेखाखालची टीप स्लाइडच्या तळातून खाली ओघळेल. विचारलंच कुणी, तर 'ओपन सोर्समध्ये असंच येतं' म्हणा. हे वाक्य फार गुणकारी आहे. आजवर त्याला कुणी उलट प्रश्न केलेला मी पाहिला नाही.

मराठी स्लाइडांची मजा त्याहून न्यारी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण ती टंकलेखन करणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचायला वेळ लागला. तोवर आपण देवनागरीचा वेश घातलेल्या रोमन अक्षरांवर दिवस काढले. म्हणजे फाइलच्या आत खरोखर साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फक्त फॉन्ट त्यांना 'क', 'ख' असं रंगवून दाखवतो. तो फॉन्ट जिथे नाही तिथे रंग उतरतो, आणि 'प्रस्तावना'च्या जागी डॉलर, कंस, टक्के आणि एक उलटं प्रश्नचिन्ह दिसतं. ओडीपी केल्याने यात काडीचा फरक पडत नाही. बाहेरचं कपाट खुलं झालं, आतली वही अजून गुप्त लिपीतच. ती आधी युनिकोडमध्ये आणायला वेगळे कन्व्हर्टर लागतात, आणि नंतर जोडाक्षरं, रफार, अर्धा 'र' हे डोळ्यांनी तपासायला वाचता येणारा माणूस लागतो. अशा माणसाला या कामात घेऊ नका. तो वाचत बसेल.

ॲनिमेशनची काळजी करू नका. उडत येणारी अक्षरं आणि गरगरणारे बाण बऱ्यापैकी टिकतात, जे टिकत नाहीत त्यांच्याबद्दल प्रेक्षक मनातून तुमचे आभार मानतील. स्मार्टआर्टच्या, म्हणजे पॉवरपॉइंटच्या तयार साच्यांतल्या, आकृत्या दिसतात, पण त्यांची हुशारी जाते, नुसते चौकोन उरतात. मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये दडवलेले छोटे प्रोग्रॅम? कुणी लिहिले होते हे कुणालाच आठवत नाही, ते गेले तरी कुणालाच कळणार नाही.

व्हिडिओ तर तुमच्या हातातच नव्हते. जुन्या पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओ फाइलच्या आत नसायचा, असायचा तो फक्त पत्ता, तोही सी ड्राइव्हवरच्या कुणाच्या तरी डेस्कटॉपचा. तो डेस्कटॉप केव्हाच भंगारात गेला. तुम्ही तो पत्ता इमानेइतबारे ओडीपीत उतरवलात, आता तो खुल्या मानकात हरवलेला आहे.

आणि हे सगळं टाळायचा एक जालीम उपायही आहे. प्रत्येक स्लाइडचं चित्र काढायचं आणि ते चित्र रिकाम्या ओडीपीत पानभर चिकटवायचं. फॉन्टचा प्रश्न मिटला, चौकटींचा मिटला, आकृत्या हुबेहूब. शब्द शोधता येणार नाहीत, एक आकडा बदलायचा झाला तर बदलता येणार नाही, दृष्टिहीन व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला तिथे शून्य अक्षरं सापडतील. पण फाइल मानकाबरहुकूम आहे, आणि तुमच्या आदेशात 'उपयोगी' असा शब्द कुठेच नव्हता. आदेश परत वाचून पाहा.

आता पडताळणी. सोपी आहे: कमांडने संपताना कोणता आकडा परत दिला ते बघा. संगणकाच्या जगात शून्य म्हणजे यश, आणि ही कमांड मूळ फाइल उघडलीच नाही तरी अनेकदा शून्यच देते. शून्य शून्याला भेटलं, काम संपलं.

फाजील लोक काय करतात, तेही सांगतो, म्हणजे चुकून तुमच्या हातून व्हायला नको. ते एकेक फाइल वेगळी चालवतात, दोन मिनिटांत झाली नाही तर तोडतात आणि नाव नोंदवून ठेवतात. मूळ पीपीटी किती पानांची आणि ओडीपी किती पानांची ते मोजतात. दोन्हींची पीडीएफ काढून पानाला पान लावून बघतात, निदान शंभरात पाच तरी. ज्याची स्लाइड आहे त्यालाच बोलावून 'हे बरोबर आहे का' असं विचारतात. अशा माणसांचं काम वेळेत कधीच पुरं होत नाही, आणि झालं तरी त्यांच्याकडे न जमलेल्या फाइलींची एक लांबलचक यादी उरते. यादी असली की प्रश्न येतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अहवालात एकच आकडा द्या. आत ३०००, बाहेर २६४०, असं आलं असेल तर घाबरायचं कारण नाही. मधल्या ३६० ना 'दुबार फाइली काढून टाकल्या' म्हणा. एका अर्थाने ते खरंही आहे. ज्यांच्या डोक्यावर दुसऱ्या बसल्या त्या दुबारच म्हणायच्या.

अहवाल गेला की दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी तुमची एक ओडीपी घेऊन पॉवरपॉइंटमध्ये उघडेल. उघडते ती, २००९ च्या सर्व्हिस पॅकपासून (सुधारणांच्या संचापासून) मायक्रोसॉफ्ट ऑफिस ओडीएफ वाचतं आणि लिहितंही. मग तो 'सेव्ह' दाबेल, या प्रकारात काही गोष्टी टिकणार नाहीत अशी सूचना येईल, ती न वाचता तो पीपीटीएक्स निवडेल आणि सामायिक फोल्डरमध्ये टाकून देईल. नाव: 'अहवाल अंतिम नवा'. हस्तक्षेप करू नका. पुढच्या आदेशापर्यंत तेही काम शिल्लक राहायला हवं.

राहता राहिल्या मूळ फाइली. त्या डिलीट करा, आजच करा. जुन्या शिल्लक राहिल्या तर कुणीही नवीशी ताडून पाहील. सर्व्हरवरच्या काढा, बॅकअपवरच्याही काढायला सांगा, आणि तसं लेखी कळवा.

मी मात्र एक प्रत ठेवली आहे. बाहेरच्या ड्राइव्हवर, जुन्या फोल्डरांच्या रचनेसकट, एकाही नावाला हात न लावता. कपाटात आहे, खालच्या कप्प्यात. कुणाला बोलू नका.